माझ्या मचाणाला कोण हात लावतो?

सोमवार, १ फेब्रुवारी १९८८. सकाळी ७.१०
केळीची चार पिल्ले उपटलेली. बुंध्याजवळची माती नांगर फिरवल्यासारखी. पांडुरंग म्हणतो रानडुक्कर. हा दोडामार्गकडचा गडी, आठवड्यातून चार दिवस माझ्याकडे आणि दोन दिवस शेजारच्या सगुणकडे. खुरांचे ठसे आहेत, हे मलाही मान्य. पण डुक्कर आले कुठून? माझ्या केळी उपटल्या आणि कुंपणापलीकडच्या सगुणच्या केळी जशाच्या तशा. डुकराला हद्द कशी कळली?

सगुणबद्दल मला पूर्वीपासून शंका आहे. भाषेच्या आंदोलनात मी मराठीच्या मोर्चाला गेलो, तो कोंकणीच्या. मोर्चे संपले, मे महिन्यात गोव्याला राज्य मिळाले, आणि तेव्हापासून तो मला बघितले की हसतो. सगळ्या कारापुरात फक्त मला बघून इतका गोड हसतो. कोंकणी राजभाषा झाली म्हणून माणूस शेजाऱ्याकडे बघून वर्षभर हसेल?

तीस वर्षे माइनवर टाइमकीपर होतो. कोण उशिरा आला आणि कोणाच्या नावावर कोण सही करून गेला, हे मी चालीवरून ओळखत असे. मला फसवणे सोपे नाही.

ठराव: बागायतीत झाडावर मचाण बांधायचे. पहाटे बसायचे. बाबांची बंदूक आहे, पीक राखण्याचे लायसन्स चालू आहे. डुक्कर आले तर हवेत बार. सगुण आला तर तोंडी समज.

डायरी ट्रंकेत, शालीखाली.

बुधवार, ३ फेब्रुवारी
मचाणावरून दर वर्षी माणसे पडतात, कारण नियम नसतात. मी नियमांचा माणूस. माइनवर १९८१ च्या सुरक्षा सप्ताहात तीन दिवसांचा कोर्स केला, सर्टिफिकेट हॉलमध्ये लावले आहे. तिसऱ्या दिवशी मी लग्नाला गेलो होतो, पण सर्टिफिकेट पूर्ण आहे.

लाल शाईत लिहून काढले. बंदूक हातात घेऊन चढायचे नाही. आधी आपण, मग बंदूक दोरीने वर, तीसुद्धा रिकामी. मचाण हलवताना नेहमी दोघे. बसल्यावर कमरेची दोरी खोडाला. आणि कुठे जातो ते घरी सांगूनच निघायचे.

शेवटचा नियम लिहिल्या लिहिल्या रद्द केला. कमलाक्षीला सांगितले की ते विहिरीवर सुलोचनाला कळणार, आणि सुलोचना सगुणची बायको. म्हणजे मचाण बांधण्याआधीच शत्रूला पत्ता. कमलाक्षीला सांगितले, उद्यापासून पहाटे फिरायला जाणार, मग वाचनालयात. ती म्हणाली बरे. फारच लवकर म्हणाली.

शनिवार, ६ फेब्रुवारी
मचाण झाले! चार बांबू, वर फळ्या, खाली सुंभाची दोरी. जागा: मधला मोठा काजू. उंची अकरा फूट.

पांडुरंग कुरकुरला. काजूची फांदी ठिसूळ, कधी मोडेल सांगता येत नाही, आंब्यावर किंवा किंदळावर बांधूया. मी विचारले, तुला माझ्या काजूची इतकी काळजी का? तो म्हणाला, काजूची नाही, तुमची. हे उत्तर तयार करून आणल्यासारखे वाटले.

शिडीही त्यानेच बांधली. (इथले लोक निसण म्हणतात. मी शिडी म्हणतो.) बांबू कुठले, तर सगुणच्या बेटातले. नोंद करून ठेवतो.

शिडीत एक सुधारणा केली. बांबूचे जाड टोक लोक खाली ठेवतात. का? कारण बाप तसे ठेवत होता. मी विचार केला: माणूस पडतो वरून. धोका वर. मग जाड टोक वर नको का? उलटी लावली. पांडुरंग बघत राहिला. नवीन कल्पना समोर आली की सामान्य माणूस असाच बघतो.

मंगळवार, ९ फेब्रुवारी. सकाळी ८.३०
पहिली बैठक. ५.५० ला वर. बंदूक नियमाप्रमाणे दोरीने घेतली, रिकामी. काडतुसे खिशात. ६.२५ ला फांदी कर्रर्र वाजली. ६.४० ला परत. डुकराने कदाचित हा आवाज ऐकूनच येणे टाळले असावे.

७ वाजता खाली उतरलो. बंदूक वरच राहिली. नियम चढण्याबद्दल होता, उतरण्याबद्दल नव्हता, त्यामुळे नियमभंग नाही. पांडुरंगाने काढून दिली. काढताना फांदीवर बसला नाही, शिडीवरूनच हात लांब केला. नाटकी माणूस.

गुरुवार, ११ फेब्रुवारी
गंभीर.

काजूच्या त्या फांदीला खालून टेकू लावलेला आहे. चांगला बेचक्याचा, जाड, जमिनीत पुरून माती ठोकलेला. मी लावला नाही. पांडुरंग परवा संध्याकाळपासून गावाला गेलेला.

कोणीतरी माझ्या मचाणावर येऊन गेले.

दुपारभर विचार केला. फांदी मोडायला लावणारा शत्रू समजू शकतो. पण टेकू? उत्तर सापडले चहाच्या वेळी. या काजूवरून सगुणची बाजू नीट दिसत नाही. मी इथेच बसून राहावे अशी कोणाची तरी इच्छा आहे. म्हणून फांदी मजबूत केली!

ठराव: मचाण हलवायचे. किंदळावर. तिथून दोन्ही बागायती दिसतात.

रविवार, १४ फेब्रुवारी
हलवले. एकट्याने. दोघांचा नियम स्थगित, कारण दुसरा माणूस पांडुरंग आणि तो संशयित.

पद्धत माझी. मचाण सबंध सोडवायचे, फांदीवरून दोरी टाकून हळूहळू खाली घ्यायचे, ओढत किंदळाकडे, तसेच वर. तीन चतुर्थांश सगळे प्लॅनप्रमाणे झाले. उतरवताना दोरी हातातून सुटली, मचाण उजव्या पायावर. अंगठ्याचे नख काळे झाले. ते नख तसेही जुने होते.

वर चढवताना शिडी एकदा सरकली. मी फांदीला धरून होतो, त्यामुळे सुरक्षाच होती. साधारण दहा मिनिटे धरून होतो. मग पायांनी शिडी परत ओढून घेतली. या वयात हे जमणारे कमी.

घरी सांगितले, वाचनालयाच्या पायरीवर ठेचकाळलो. कमलाक्षीने पायाला हळद लावली. लावून झाल्यावर म्हणाली, वाचनालय रविवारी बंद असते. मी म्हटले, म्हणून तर पायरीवर होतो.

बुधवार, १७ फेब्रुवारी
माझ्या गाठी बदलल्या आहेत.

मी टाइमकीपर गाठ मारतो: दोन फेरे, एक फास, टोक आत. मचाणाच्या चारही कोपऱ्यांना आज वेगळ्या गाठी, दुहेरी, ओल्या सुंभाने आवळलेल्या. मचाण हलवून बघितले तर हलत नाही. आधी थोडे हलायचे, त्यामुळे ते जिवंत आहे हे कळायचे. शिवाय शिडीच्या दोन पायऱ्या नव्या कोऱ्या बांबूच्या.

म्हणजे माणूस सराईत आहे, रोज येतो आणि त्याच्याकडे बांबू आहे. कारापुरात हातासरशी बांबू असलेला माणूस कोण, ते लिहायला नको.

हेतू? माझ्या वस्तूवर हळूहळू हक्क सांगणे. आज गाठी, उद्या फळ्या, परवा म्हणेल मचाण माझेच. जमिनीच्या भानगडी अशाच सुरू होतात.

सगळ्या गाठी सोडून परत माझ्या मारल्या. दीड तास गेला.

रविवार, २१ फेब्रुवारी
कमरेच्या दोरीची ट्रायल. यशस्वी.

तपशील: ६ वाजता बसलो, नायलॉनची दोरी कमरेला, दुसरे टोक खोडाला, गाठ पाठीमागे. ७ वाजता सुटायचे ठरवले. गाठ पाठीमागे असल्यामुळे दिसत नव्हती, आणि आवळली इतकी उत्तम गेली होती की हाताला सुटत नव्हती. याचा अर्थ दोरी भरवशाची. चाकू खाली, शर्टाच्या खिशात. शर्ट उकडते म्हणून फांदीवर ठेवला होता तो पडला.

९.४० ला खालून सुलोचना गेली, डोक्यावर काजूची टोपली. वर बघितले. विचारले, भाऊ, तुम्ही वर बरे आहात ना? मी म्हटले, निरीक्षण चालले आहे. ती म्हणाली, होय का, आणि गेली. १०.०५ ला पांडुरंग चाकू घेऊन आला. कोणी पाठवला, विचारले. सांगेना.

तरी चार तास पडलो नाही, हा मुद्दा लक्षात घ्यावा.

शुक्रवार, २६ फेब्रुवारी
काडतुसे नाहीत. पुठ्ठ्याची पेटी कपाटात जागच्या जागी, आत सहा सुपाऱ्या.

कमलाक्षीला विचारले. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, मला बंदुकीतले काय कळते? खरेच आहे, तिला काही कळत नाही. म्हणजे घरात बाहेरचा माणूस शिरला. सुलोचना गेल्या आठवड्यात दोनदा पीठ मागायला आली होती. दोनदा! एका घरात इतके पीठ लागते?

रिकामी बंदूक घेऊन बसतो. डुकराला काय कळणार.

(नंतर) आज केळीची आणखी दोन पिल्ले गेली. मी वर होतो. डोळा लागला होता, पण वर होतो.

गुरुवार, ३ मार्च. शिगमा
आजचा दिवस विसरणार नाही.

शिगम्याचा मेळ दारात आला. ढोल सगुणकडे. वाजवणे बरे आहे, ते मी नाकारत नाही. कमलाक्षीने सर्वांना पाणी दिले, गूळ दिला. सगुणने ढोल काखेत घेतला, घाम पुसला आणि सगळ्यांसमोर, पंधरा-वीस माणसांसमोर, मला म्हणाला, "गोकुळदासबाब, एक सांगू? निसणीचं जाड टोक खाली आसूंक जाय. पडशात हां!"

लोक हसले. पांडुरंग हसला. कमलाक्षी हसली नाही, पण तिने सगुणकडे असे बघितले की हा विषय तिला नवीन नव्हता.

माझी शिडी उलटी की सुलटी, हे सगुणला कसे कळले? ती माझ्या बागायतीत आहे. म्हणजे आज त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केले.

आता फक्त रंगेहाथ पकडायचे बाकी.

सोमवार, ७ मार्च. दुपारी
काम केले. विचारपूर्वक केले, म्हणून शांतपणे लिहून ठेवतो.

शिडीची खालून दुसरी पायरी. तिचे दोन्हीकडचे सुंभ मागच्या बाजूने कापले, फक्त एकेक पदर ठेवला. पुढून काही दिसत नाही. माणसाने पाय ठेवला की पायरी सुटणार, माणूस खाली बसणार, ओरडणार. मी कुंपणाआड असणार.

सुरक्षेचा विचार केलाच आहे. ही पायरी जमिनीपासून तीन फुटांवर. तीन फुटांवरून पडल्यास इजा किरकोळ, कोर्समध्ये तसेच होते. (दुसऱ्या दिवशी. मी हजर होतो.) सूचनाफलक लावणे नियमात बसते, पण मग चोर वाचेल आणि उपयोग काय?

मी स्वतः चोर सापडेपर्यंत चढणार नाही.

बुधवार, ९ मार्च
काल आणि आज ६ ते ८ कुंपणाआड. कोणी नाही. मुंग्या फार. आपल्याला बघून तो सावध झाला असेल? चाणाक्ष आहे. उद्या कमलाक्षीबरोबर डिचोलीला जायचे आहे, परवा पुन्हा बसतो.

शुक्रवार, ११ मार्च
सकाळी उशीर झाला. दाढी करत होतो. आठला ओरडणे ऐकू आले, बागायतीकडून, बाईचे. तोंडाला साबण तसाच, धावलो. खोटे कशाला लिहू, धावताना मनात आनंद होता. सापडला, असेच म्हणत धावलो.

किंदळाखाली सगुण पडला होता. उजवा पाय गुडघ्याखाली भलतीकडे वळलेला. सुलोचना त्याचे डोके मांडीवर घेऊन. तो ओरडत नव्हता, दात आवळून होता. एका हातात कोयती, कमरेला नव्या सुंभाचे वेटोळे.

वर बघितले. पायरी लोंबत होती. पण खालून दुसरी नाही. वरून दुसरी.

शिडी उलटी होती. म्हणजे सुलटी होती. त्याने चढायच्या आधी ती फिरवून जाड टोक खाली घेतले होते. मी खाली कापलेली पायरी वर गेली होती, दहा फुटांवर. खाली चिऱ्याचे दगड.

त्याच शिडीवर पोते घालून त्याला उचलला. पुढे पांडुरंग, मागे मी. रस्त्यावर पिकअप मिळाली, म्हापशाच्या हॉस्पिटलात नेला. नळीचे हाड दोन ठिकाणी. ऑपरेशन करणार.

संध्याकाळी परत आलो तेव्हा आरशात दिसले, अर्धी दाढी राहिली होती. दिवसभर कोणी सांगितले नाही.

शनिवार, १२ मार्च
सकाळी लवकर जाऊन रस्त्याकडेला ठेवलेल्या शिडीच्या लोंबणाऱ्या पायरीची कापलेली दोरी काढून आणली. चुलीत टाकली. सुंभ जळताना वास येतो.

कमलाक्षी चुलीसमोरच बसली होती. रडत होती. म्हणाली, माझ्यामुळे झाले. मी घाबरलो, वाटले हिला कळले. तिला वेगळेच म्हणायचे होते. तिनेच सगुणला सांगितले होते. पहिल्या आठवड्यात ती माझ्या मागोमाग आली, मला काजूवर बसलेला बघितला, फांदी वाजलेली ऐकली. तिथून तशीच सगुणच्या दारात गेली. टेकू त्याने लावला. गाठी त्याच्या. पायऱ्या त्याच्या. मी गाठी सोडायचो, तो परत मारायचा. मी पहाटे जाणार म्हणून तो संध्याकाळी जाऊन बघून यायचा. शिगम्याच्या मेळामुळे आठवडाभर त्याला जमले नव्हते, म्हणून काल सकाळीच नवे सुंभ घेऊन गेला, कारण जुने मी सारखे सोडबांध करून झिजवले होते. ह्यांना सांगू नका वैनी, म्हणाला, मानी माणूस, वाईट वाटेल.

काडतुसे तिनेच तांदळाच्या डब्यात घातली.

मी चुलीतली राख चिमट्याने सारखी केली.

(रात्री) विचार केला. मुळात दुसऱ्याच्या बागायतीत न विचारता शिरणे चूक. शिडी मालकाला न सांगता फिरवणे चूक. त्याने ती फिरवली नसती तर तीन फुटांवरून पडला असता. या बाजूने बघितले तर

बघितले. काही नाही या बाजूला.

सोमवार, १४ मार्च
हॉस्पिटल. सगुणचा पाय प्लॅस्टरमध्ये, वर टांगलेला. खाटेभोवती सुलोचना, कमलाक्षी, त्याचा मेहुणा, शेजारच्या खाटेवरचे लोक. मेहुण्याने विचारले, पडलास कसा रे? नवी निसण ना?

मी संत्रे सोलत होतो. सोलतच राहिलो.

सगुण म्हणाला, "दोरी कुसलेली. म्हजीच चूक. चढच्यापयलीं पळोवंक जाय आसलें." चढण्याआधी आपणच बघायला हवे होते म्हणे. सगळ्यांनी मान हलवली. मग तो माझ्याकडे बघून म्हणाला, गोकुळदासबाब, संत्र्याच्या बिया काढता की काय? मी सबंध संत्र्याचा लगदा केला होता.

दोरी महिन्यापूर्वीची. महिन्यात सुंभ कुजत नाही, हे तो जाणतो. मग असे का म्हणाला? यामागे काय आहे? पुढे कधीतरी काढील? भाषेच्या बाबतीत? हद्दीच्या?

परतताना बसमध्ये कमलाक्षी म्हणाली, किती चांगला माणूस. 

शुक्रवार, १८ मार्च. पाडवा
आज सांगायचे ठरवून गेलो. वाक्य पाठ केले होते: "सगुण, ती पायरी मी कापली." पाच शब्द. खाटेजवळ बसलो आणि म्हटले, यंदा उकाडा लवकर सुरू झाला. तो म्हणाला, होय. मग म्हटले, काजूला बरा. तो म्हणाला, होय, सगळा एकदम पिकला आहे, खाली पडून वाया जातो आहे. सुलोचना एकटी कुठे पुरी पडणार.

परत आलो.

बंदूक पोलीस स्टेशनात जमा करून आलो. हवालदाराने कारण विचारले. म्हटले, वय झाले.

सोमवार, २१ मार्च
जेवताना कमलाक्षीला सांगितले. सगळे. कुंपणाआड बसलो होतो तेही, जाळलेली दोरीही.

तिने माझे ताट उचलले, घासले, पुसले, फळीवर ठेवले. माझे अर्धे जेवण झाले होते. मग म्हणाली, उद्या सकाळी सुलोचनाकडे जायचे. तुम्ही. एकटे. आणि नंतर हॉस्पिटलात त्यांच्याकडे. मी म्हटले, आधी त्यांच्याकडे गेलो तर? ती म्हणाली, आधी सुलोचना. त्यांचा पाय बरा होईपर्यंत पाणी ती भरणार आहे, तुम्ही नाही.

मंगळवार, २२ मार्च
सुलोचना अंगणात बसून काजूच्या बोंडांच्या बिया पिळून काढत होती. मी उभ्याउभ्या सांगितले. मध्ये दोनदा थांबलो. ती हात न थांबवता ऐकत होती. झाल्यावर म्हणाली, मला ठाऊक होते.

दोरीचे कापलेले टोक तिने त्याच दिवशी बघितले होते. सगुणने तिला शपथ घातली होती.

मला वाटले आता ओरडेल. ओरडली असती तर बरे झाले असते, मी उत्तरे तयार ठेवली होती. ती उठली, बोटे पदराला पुसली, रिकामी टोपली माझ्या हातात दिली आणि चढावाकडे हात केला. म्हणाली, वरच्या टोकापासून सुरू करा. खाली खाली या.

दोन तासांत पाऊण टोपली. पाठ गेली.

गुरुवार, २४ मार्च
सगुणला भेटलो. पांडुरंगाने डबा दिला होता तो नेला. मेहुणा बाहेर गेल्यावर म्हटले. पाचच शब्द. या वेळी बाहेर पडले.

तो म्हणाला, पडताना दोरीचे टोक हाताला लागले होते. सरळ कापलेले. तेव्हाच कळले.

मी विचारले, मग सांगितले का नाहीस?

"सांगितलं आसतं तर वैनी परत मदत मागूंक आयली नसती," तो म्हणाला. "लाजेन. आनी तुमी तर परत झाडार चढतलेच."

मी म्हटले, नाही चढणार. त्याने विश्वास ठेवला नाही, चेहऱ्यावर दिसले. मग तो म्हणाला, राग नाही असे समजू नका. राग आहे. पाय दुखतो तेव्हा फार येतो. पण आधी काजू घरात येऊ दे, मग रागाचे बघू.

हसला नाही. मला ते बरे वाटले.

मचाण पांडुरंगाबरोबर उतरवले. दोघांनी. तो वर, मी खाली दोरी धरून. त्याने वरून ओरडून सांगितले, सोडू नका हां. सोडली नाही.

मंगळवार, २९ मार्च. दुपारी १२.३०
सगुणच्या बागायतीत सहावा दिवस. डुक्कर काल माझ्याकडे येऊन गेले म्हणे. असेल.

सुलोचनाने शिकवले: उचलताना कंबर वाकवायची नाही, गुडघे वाकवायचे. साठ वर्षांत कोणी सांगितले नव्हते. कोर्समध्येही नव्हते. तिसऱ्या दिवशी असेल.

आजही तिची टोपली भरली आणि माझी अर्धीच. दोघे एकाच वेळी सुरू झालो, एकाच ओळीत. संशय आला. पुढच्या ओळीत तिच्यावर लक्ष ठेवले.

ती जास्त वेळा वाकते.